मखमलच्या हातून रक्त

मखमल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी दिलं. त्याच्याकडून दाढी करून घेतलेला माणूस गालावरून हात फिरवत आरशात असा बघायचा, जणू ही गालफडं त्यानं आत्ताच नवीकोरी विकत आणलीत. नाव पडलं आणि ते मखमलच्या डोक्यात गेलं, हे मात्र कबूल करायला हवं. खुर्चीत कुणी नवा माणूस बसला की गळ्याभोवती कापड गुंडाळता गुंडाळता तो ऐकवायचाच, "निर्धास्त बसा. आजवर या हातानं कुणाच्या रक्ताचा थेंब काढलेला नाही." बाकावरची नेहमीची मंडळी माना डोलवायची. शेजारच्या दुकानातला कुलूपवाला, मखमलचा जुना दोस्त, दर एक दिवसाआड दाढीला यायचा आणि दर एक दिवसाआड हे ऐकून "अगदी, अगदी" म्हणायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्याच शरीरातून रक्त जायला लागलं. संडासात लाल दिसलं की तो भराभर पाणी ओतायचा, बाहेर येऊन हात धुवायचा आणि काही घडलंच नाही अशा थाटात दुकानाला निघायचा. कित्येक महिने त्यानं बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. ती विचारायची, "अहो, चेहरा का असा उतरलाय?" तो म्हणायचा, "ऊन फार आहे." ऊन संपून थंडी आली तरी त्याचं आपलं ऊनच चालू होतं. शेवटी एके दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत असताना, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो ब्रशसकट खाली बसला. त्याच्या हाताखाली काम करणारा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेला.

आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. सर्जन बाई होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की गाठीचा भाग कापून टाकायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. पण तो जोड नाजूक, तो भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जाता कामा नये. म्हणून वरच्या लहान आतड्याचा एक भाग पोटावर बाहेर काढून ठेवायचा, त्याच्यावर पिशवी लावायची, जे काही यायचं ते पिशवीत येईल. काही महिन्यांनी खालचा जोड पक्का झाला की दुसरं ऑपरेशन, छोटं, बाहेर काढलेलं आतडं पुन्हा आत. मखमल मान हलवत होता, पण भीतीनं त्याचे कान बंद झाले होते. "तात्पुरतं" एवढाच एक शब्द त्याच्या हाती लागला, तो त्यानं मुठीत घट्ट धरून ठेवला.

पहिलं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं, वाचलो. मग ड्रेसिंग बदलायला सिस्टर आली, तिनं पांघरूण बाजूला केलं, आणि मखमलनं खाली बघितलं.

त्याची बोबडीच वळली. बेंबीच्या उजवीकडे लालभडक, ओलं, चकचकीत असं काहीतरी वर आलेलं होतं. जखम म्हणावी तर टाके दिसेनात. फोड म्हणावा तर केवढा मोठा. आणि ते हललं. बघता बघता आकसलं, पुन्हा फुगलं, आपल्या मनानं, त्याला न विचारता.

"हे काय आहे?" त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"तुमचं आतडं, काका," सिस्टर म्हणाली. "छान लाल आहे. असंच हवं."

छान म्हणे! मखमलनं तोंड भिंतीकडे फिरवलं ते जेवण येईपर्यंत फिरवलेलंच ठेवलं. पोटातलं पोटातच असतं ही माणसाची केवढी साधी समजूत. ती गेली की मग कशाकशावर विश्वास ठेवायचा? पहिल्यांदा पिशवी रिकामी करायची वेळ आली तेव्हा बायकोनं तोंडाला पदर लावला नाही की नाक मुरडलं नाही, सिस्टरच्या शेजारी उभी राहून ती नुसती शिकत होती. मखमल मात्र डोळे मिटून पडला होता. आपल्याला कुणी चौकात उघडं उभं केलंय असं त्याला वाटत होतं.

घरी आल्यावर मग हळूहळू सवय लागली, म्हणजे लागावीच लागली. पिशवी निम्मी भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानं सुटते. घास चावून चावून गिळायचा. पाणी नुसतं पिऊन भागत नाही, मीठ-साखर घालून प्यायचं, कारण अंगातलं सगळं पाणी बाहेर पडायला बसलेलंच. एकदा चकती, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, नीट बसली नाही आणि झोपेत सगळं अंथरुणात आलं. मखमल त्या ओल्यात बसून लहान मुलासारखा रडला. बायकोनं चादर ओढून काढली आणि म्हणाली, "रडून झालं की उठा, गादी उलटी करायचीय."

चकती न बसण्याचं कारण इस्पितळात दाखवायला गेल्यावर सिस्टरनं सांगितलं, ते म्हणजे पोटावरचे केस. मखमल अंगानं चांगलाच केसाळ. "कडेचे केस छोट्या कात्रीनं काढा, नाहीतर ट्रिमरनं," सिस्टर म्हणाली. "वस्तरा अजिबात लावायचा नाही."

सिस्टरची पाठ वळताच मखमलनं बायकोकडे बघितलं. "ट्रिमर! मला सांगतेय! ट्रिमर!"

"सांगतेय ते ऐका."

ऐकेल तर तो मखमल कसला. एका सकाळी, पोटात अन्न नसताना, म्हणजे आतडं जरा शांत असताना, तो न्हाणीघरात आरशासमोर उभा राहिला. जुनी पिशवी काढली, पुसून घेतलं, साबणाचा पातळ फेस लावला. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. कितीतरी आठवड्यांनी वस्तरा हातात आला होता आणि त्याला खरोखर बरं वाटलं. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणली, पातं टेकवलं, आणि कडेकडेनं केस काढत निघाला. काय सुरेख निघत होते! शेवटचा एक पट्टा राहिला होता. तेवढ्यात दूध उतू जाताना साय फुगावी तसं ते लाल आतडं एकदम वर आलं, आणि पुन्हा खाली बसलं. मखमलचा हात चालूच होता.

त्याला काहीही जाणवलं नाही. पट्टा पूर्ण करून त्यानं वस्तरा नळाखाली धरला, तर पाणी लाल. त्याला कळेना, हे कुठून आलं? त्यानं बोटं बघितली, तळहात बघितला. सगळं ठीक. मग पायाच्या अंगठ्यावर काहीतरी कोमट पडलं म्हणून त्यानं खाली मान घातली, तर पोटावरून मांडीवर, मांडीवरून फरशीवर रक्ताची धार लागली होती.

त्याची किंकाळी ऐकून बायको धावत आली. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं तिनं त्यावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं सिस्टरला फोन लावला. "दाबून ठेवा, थांबेल," सिस्टर म्हणाली. "नाही थांबलं तर लगेच घेऊन या. त्या आतड्याला दुखतच नाही हो, कापलं तरी कळत नाही. म्हणून तर वस्तरा नको म्हटलं होतं."

रक्त थांबलं. बायकोनं फरशी पुसली, नवी पिशवी लावली, पाठीवर हात फिरवला. तिच्या लेखी विषय संपला. मखमल मात्र स्टुलावर बसून राहिला तो बसूनच राहिला.

कापलं याचा धक्का होताच. पण कळलं नाही, याचा धक्का त्याहून मोठा होता. त्याचं सगळं कसब ज्या गोष्टीवर उभं होतं ती म्हणजे समोरच्याचं दचकणं. पातं जरा वाकडं पडलं की गाल सांगतो, पापणी सांगते, खुर्चीच्या हातावरची बोटं सांगतात, आणि हात आपोआप थांबतो. इथं त्याच्या स्वतःच्या शरीराचा तुकडा होता आणि तो दचकला नाही. मखमलच्या पायाखालची वाळू सरकली.

त्यानंतर त्यानं वस्तऱ्याला हात लावला नाही. दुकानात जायला लागला, पण फक्त कात्रीपुरता. दाढ्या मेहुण्याकडे. तिथंही पोट त्याला सुखानं उभं राहू देईना. न्हाव्याचं पोट आणि गिऱ्हाइकाचा कान एकाच उंचीवर असतात, हे त्याला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. शर्टाच्या आत पिशवी गुडगुडली की खुर्चीतला माणूस विचारायचा, "काही म्हणालात?" मखमल म्हणायचा, "नाही, नाही," आणि कात्री उगाच हवेत दोनदा जास्त वाजवायचा. मेहुण्यानं मग रेडिओचा आवाज वाढवून ठेवला.

आणि अशात इस्पितळातून फोन आला. तपासणीत खालचा जोड उत्तम भरलेला दिसत होता. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बायकोचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मखमल म्हणाला, "नाही करायचं."

"काय नाही करायचं?"

"ऑपरेशन. पिशवी असू दे."

बायको मटकन खालीच बसली. पहिल्या दिवसापासून जो माणूस "ही जाईल कधी, ही जाईल कधी" म्हणून जीव खात होता, तो आता पिशवी असू दे म्हणत होता! "जन्मभर?"

"जन्मभर."

"वेड लागलंय का तुम्हाला? का पण?"

"माझा हात चुकला," मखमल म्हणाला. "माझा! मग त्या सर्जन बाईचा का नाही चुकणार? आणि मी भूल दिलेला पडलेला असणार. दचकणार पण नाही. तिला कळणार कसं?"

बायकोनं समजावलं, ती रागावली, दोन दिवस अबोला धरला. तारीख पुढे ढकलावी लागली. इस्पितळवाल्यांनी नवी तारीख दिली आणि बजावलं, की उगाच लांबवू नका, आतली आतडी कामाशिवाय आळसावतात. मखमल भिंतीसारखा ढिम्म.

इकडे कुलूपवाल्याची दाढी छातीकडे निघाली होती. मखमल आजारी पडल्यापासून त्यानं गालाला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. "मेहुण्याचा हात जड आहे," तो मेहुण्याच्या तोंडावर सांगायचा. मेहुणा फुरंगटून बसायचा. त्या दिवशी दुकानात बाकावर तिघंचौघं होते. कुलूपवाला आला आणि सरळ मखमलच्या खुर्चीत बसला.

"खूप झाले लाड. आज कर. बायको घरात घेईना."

"मी दाढी सोडली," मखमल म्हणाला.

"सोडली म्हणजे? ती काय विडी आहे?"

बाकावर हशा पिकला. मखमलला तो सहन झाला नाही. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "माझ्या हातून कापलं गेलं! कळलं? स्वतःचंच आतडं कापलं मी, वस्तऱ्यानं. रक्त आलं. मला पत्ताही लागला नाही. जन्मात पहिल्यांदा या हातानं रक्त काढलं. आता हा हात कुणाच्या गळ्यावर ठेवू मी?"

मेहुण्यानं पुढे होऊन रेडिओ बंद केला. कुलूपवाला आरशातून मखमलकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती, भलतंच काहीतरी होतं. संकोच होता.

"पहिल्यांदा?" तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

कुलूपवाल्यानं हनुवटी वर केली, दाढी बाजूला सारली आणि जबड्याखालची एक पांढरी रेघ दाखवली. "हे काय किल्ली लागून झालंय का?"

मखमलनं वाकून त्या रेघेवर बोट फिरवलं.

"तुझंच आहे. जुनं आहे. घरी गेल्यावर कॉलर लाल झाली तेव्हा कळलं. अशी बारीकसारीक तर कितीतरी झाली. दाढीनंतर तू सगळ्यांनाच तुरटी लावायचास, त्यानं थांबायचं."

"काहीतरीच," मखमल म्हणाला आणि बाकाकडे वळला. बाकावरच्या बसचालकानं कानाची पाळी पुढे दुमडून मागची खूण दाखवली. त्याच्या शेजारच्यानं नाकाखाली बोट ठेवलं. तिसरा म्हणाला, "माझं दिसायचं नाही आता, पण होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? सगळे?"

"तू तोऱ्यात सांगायचास ना, या हातानं थेंब नाही काढला म्हणून," कुलूपवाला म्हणाला. "ऐकायला बरं वाटायचं रे. आणि खरं सांगू? दुसरे तुझ्याहून जास्त कापतात."

मखमलनं मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा कात्री पुसायला लागला होता, ती स्वच्छच होती. "मी शिकायला आलो त्या वर्षीच कळलं होतं, भाऊजी," तो खाली मान घालून म्हणाला.

भर दुपारी मखमल दुकानातून निघाला. रस्त्यात भेटलेल्या दोघांना त्यानं ओळखही दिली नाही. जिथं जन्म घालवला तिथल्या प्रत्येक माणसाला जे माहीत होतं, ते एकट्या त्याला माहीत नव्हतं. राग म्हणावा तर राग, लाज म्हणावी तर लाज, डोकं नुसतं बधिर झालं होतं. घरात शिरला तो चपला घालूनच.

"मी लोकांना कापायचो म्हणे," तो बायकोला म्हणाला. "तुला माहीत होतं?"

ती दोरीवर कपडे टाकत होती. तिनं हातातला टॉवेल झटकला. "दुकानाचे टॉवेल कोण धुतं?"

मखमलची नजर तिच्या हातातल्या टॉवेलवर गेली.

"लग्न झाल्यापासून धुतेय," ती म्हणाली. "रोज नाही दिसायचे रक्ताचे डाग. पण दिसायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरायला लागला असता. मग जास्त कापलं असतं." मग एकदम तिचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत तो कधी चढला नव्हता. "मी रक्त लपवलं ते तुमची मान ताठ राहावी म्हणून. आणि तुम्ही लपवलंत ते कशासाठी? महिनोन्‌महिने पाणी ओतत राहिलात! मला विचारलंत, मला सांगितलंत? गाठ आणखी पसरली असती तर? मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?"

टॉवेल तिथंच टाकून ती आत गेली. ती रडत होती. ऑपरेशनच्या दिवशी रडली नव्हती, गादी उलटी करताना रडली नव्हती, ती आत्ता रडत होती. मखमल दोरीखाली उभा राहिला. मग त्यानं तो टॉवेल उचलला, पुन्हा पाण्यातून काढला आणि वाळत घातला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं कुलूपवाल्याला हाक मारून बोलावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. आधी कात्रीनं जंगल कमी केलं, मग फेस, मग वस्तरा.

"लागलं की बोलायचं," तो म्हणाला. "गप्प बसलास तर अर्धी दाढी ठेवून हाकलून देईन."

"बरं बाबा."

तो वस्तरा जपून चालवत राहिला. एक गाल झाला. हनुवटीशी आल्यावर त्यानं पातं उचललं आणि आजवर कधी थांबला नव्हता तसा थांबून बघत राहिला. एका जागी बारीकसा लाल ठिपका उमटला, मोहरीएवढा.

"बोलला का नाहीस?"

"अरे, देवाशपथ, कळलंच नाही!" कुलूपवाला घाबरून म्हणाला.

मखमलला ते खरं वाटलं. त्यानं ठिपक्यावर तुरटी टेकवली आणि मागे वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "कापलं. माझ्याकडून." मग पुन्हा खुर्चीकडे वळून त्यानं दुसऱ्या गालाला हात घातला.

संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "त्या तारखेला जाऊ या." तिनं एका कापडी पिशवीत त्याचे दोन सदरे भरून ठेवले.

इस्पितळात ऑपरेशनच्या आधी सर्जन बाई आल्या. पोट बघितलं, कागद चाळले, किती वेळ लागेल ते सांगितलं. जाता जाता म्हणाल्या, "काही विचारायचं आहे?"

"एक विचारू?" मखमल म्हणाला. "तुमच्या हातून कधी चुकलंय?"

सिस्टरच्या हातातली सलाइनची नळी तशीच राहिली. बायकोनं त्याच्या बाहीला हिसका दिला. "अहो, काय बोलताय!"

सर्जन बाई दाराशी थांबल्या. आपल्याला असा प्रश्न कुणी विचारेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसावं. मग त्या मागे फिरल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

"मग काय केलंत?"

"दुरुस्त केलं. आणि त्या माणसाला सांगितलं. फार जड गेलं सांगायला."

कधीच चुकलं नाही असं त्या म्हणाल्या असत्या, तर मखमल पलंगावरून उठून चालता झाला असता, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

"मग करा तुम्ही," तो म्हणाला. "आत काही कमीजास्त झालं तर सांगा मात्र. मी भुलेत असेन, मला नाही कळणार. हिला सांगा." त्यानं बायकोचा हात धरून पुढे केला. "हिच्यापासून आता काही लपवायचं नाही."

बायको तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याला न्यायला माणूस ढकलगाडी घेऊन आला तरी तिला हात सोडायचं भान राहिलं नाही.